हयातीचा दाखला आणि माजी सैनिकांची संघटना

खास प्रतिनिधी

स्वातंत्र्यदिन, कारगिल विजय दिन आणि सात डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन या तीन दिवशी माजी सैनिकांच्या संघटना वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर हमखास दिसतात. छातीवर पदके, डोक्यावर रेजिमेंटची टोपी, हाती एखादे रोपटे आणि मधोमध लोकप्रतिनिधी, असे ते छायाचित्र असते. ध्वजवंदन, रक्तदान, वृक्षारोपण, शाळेत देशभक्तीपर व्याख्यान ही झाली समाजसेवेची मान्यताप्राप्त यादी. ती उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळच्या एखाद्या गाळ्यात किंवा देवळाच्या ओवरीत टेबल टाकून बसलेले निवृत्त हवालदार आणि सुभेदार जे काम एरवी करीत असतात, त्याचे छायाचित्र निघत नाही, कारण ते दिसायला अत्यंत नीरस आहे. ते काम कागदपत्रांचे आहे. सैनिकाच्या विधवेचे निवृत्तिवेतन सुरू होणे किंवा बंद पडलेले पुन्हा चालू होणे अनेकदा याच टेबलावर ठरते.

पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा जिल्ह्यात, या कामाचे प्रमाण मोठे असणे स्वाभाविक आहे. याच जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि पुढे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. खटाव, माण, कोरेगाव, पाटण या तालुक्यांत पावसाच्या लहरीवर चालणाऱ्या शेतीला लष्करातील नोकरी हाच पिढ्यान्‌पिढ्या जोडधंदा राहिला आहे. जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. त्यानंतर कोणी सुरक्षारक्षक होतो, कोणी शेती पाहतो, कोणी २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळामार्फत, म्हणजे ‘मेस्को’मार्फत काम शोधतो. पंचाहत्तरी गाठेपर्यंत त्याच्या आयुष्यात लष्कर उरते ते दरमहा बँकेत जमा होणाऱ्या रकमेपुरते. त्याच्या पश्चात ती रक्कम पत्नीच्या नावे व्हावयाची असते, आणि खरी अडचण तेथे सुरू होते.

एका अक्षराचा फरक

शासकीय नियमांत कुटुंब निवृत्तिवेतनाची प्रक्रिया फारशी अवघड नाही. मृत्यूचा दाखला, निवृत्तिवेतन आदेश, विवाहाची नोंद, आधार आणि बँकेचे खाते एवढे जुळले की झाले. प्रत्यक्षात नेमके तेच जुळत नाही. १९७० च्या दशकात लग्न झालेल्या जवानाने रजेवरून परतल्यावर युनिटच्या कारकुनाला पत्नीचे नाव सांगितले, ते त्याने ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिले. कोठे ‘सुमन’, कोठे ‘सुमनबाई’, कोठे माहेरचे नाव. ही नोंद युनिटच्या ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये प्रसिद्ध झाली असेल तर ठीक, झाली नसेल तर लष्कराच्या लेखी ती पत्नीच नाही. जन्मतारखेची गत याहून वाईट. शाळेत गेलेल्या निम्म्या गावाचा जन्म मास्तरांच्या कृपेने १ जूनला झालेला असतो, पण जी मुलगी शाळेतच गेली नाही तिचे वय लष्कराच्या नोंदीत एक, मतदार यादीत दुसरे आणि आधारवर तिसरेच असते.

दुरुस्तीचा अर्ज जातो तो त्या त्या दलाच्या अभिलेख कार्यालयाकडे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला, सिग्नलचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला. खटावच्या वाडीवरील सत्तरीच्या बाईने पतीचा सेवा क्रमांक घेऊन इंग्रजी वा हिंदीत जबलपूरशी पत्रव्यवहार करावा, अशी ही व्यवस्था आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदतीला असते. या सैनिक मंडळांची परंपराच पहिल्या महायुद्धानंतरची, १९१९ पासूनची आहे. पण जिल्ह्यासाठी कार्यालय एक आणि कर्मचारी मोजके. तेथवर पोहोचण्यासाठी एसटीने अर्धा दिवस आणि कागद अपुरा निघाला तर आणखी एक फेरी. ही पोकळी गावोगावचे निवृत्त कारकून आणि हवालदार भरून काढतात. कोणत्या रेजिमेंटचे पत्र कोणत्या नमुन्यात लागते, प्रतिज्ञापत्रावर कोणाची सही चालते, डिस्चार्ज बुकाचे कोणते पान जोडायचे हे ज्ञान कोणत्याही संकेतस्थळावर एकत्र सापडत नाही. ते या मंडळींच्या डोक्यात आणि जुन्या फायलींत असते.

घरातील मिळकत किती घसरते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. जवानाला सर्वसाधारणपणे अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. त्याच्या मृत्यूनंतर ठराविक काळाने पत्नीच्या वाट्याला तीस टक्के येतात. शहरी वाचकाला हा फरक आकड्यांचा वाटेल. औषधाचा महिन्याचा खर्च याच पैशांतून भागवणाऱ्या घराला तीन महिन्यांचा विलंबही सावकाराच्या दारात नेतो.

‘स्पर्श’ने वाढवलेला भार

२०२१ पासून संरक्षण खात्याने निवृत्तिवेतनाचे काम बँकांकडून काढून ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीकडे वळवण्यास सुरुवात केली. प्रयागराज येथील संरक्षण लेखा विभागाच्या कार्यालयामार्फत ती चालते आणि तीस लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारक आता तिच्या कक्षेत आले आहेत. ज्या खर्चासाठी २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात १ लाख ६० हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद होती, त्याचा हिशेब एका ठिकाणी असावा, दलाली आणि बँकांच्या चुका टळाव्यात, हा हेतू योग्यच होता. जुन्या पद्धतीत बँकेच्या शाखेने वर्षानुवर्षे चुकीच्या श्रेणीने पैसे दिल्याची उदाहरणे थोडी नव्हती.

मात्र बँकेतील ओळखीचा कारकून गेला आणि त्याच्या जागी एक परवलीचा शब्द आला. वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याची नोंद करायची, ती झाली नाही तर रक्कम थांबते. एप्रिल २०२२ मध्ये याचा प्रत्यय आला. वार्षिक ओळख पटवण्याची नोंद न झालेल्या सुमारे ५८ हजार जणांच्या खात्यात त्या महिन्याचे पैसे वेळेवर जमाच झाले नाहीत. ओरड झाल्यावर मंत्रालयाने मे महिन्याच्या सुरुवातीस एकवेळची सवलत देऊन रक्कम अदा केली. सवलत मिळाली, पण धडा गावोगावी पोहोचला. तेव्हापासून संघटनांच्या टेबलावरील सर्वांत मोठे काम हयातीच्या दाखल्याचे झाले. रोजच्या खुरपणीने बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा ठसा यंत्र स्वीकारत नाही. चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, ती बरी. तिला चांगला मोबाइल आणि नेटवर्क लागते, आणि ते दोन्ही घेऊन कोणीतरी त्या बाईच्या दारापर्यंत जावे लागते. सामाईक सेवा केंद्रांनाही हे काम दिलेले आहे. तेथे अंगठा घेतला जातो, परंतु ‘नोंद जुळत नाही’ असे पडद्यावर आले की पुढे काय करायचे हे केंद्रचालकाला ठाऊक नसते. तो बाईला पुन्हा हवालदाराच्याच टेबलाकडे पाठवतो.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. माजी सैनिकांनी झाडे लावावीत यासाठी शासनाची रीतसर व्यवस्था आहे. प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियन १९८२ पासून देशात कार्यरत आहेत. महाराष्ट्रातही २०१७ मध्ये मराठवाड्यासाठी महार रेजिमेंटशी संलग्न अशी १३६ वी बटालियन उभी राहिली, तिच्यात माजी सैनिकच भरती होतात आणि खर्च राज्य सरकार उचलते. डोंगर हिरवे करणाऱ्या माजी सैनिकाला वेतन आहे. विधवेचा अर्ज भरून देणाऱ्या माजी सैनिकाला झेरॉक्सचे पैसेही स्वतःच्या खिशातून घालावे लागतात. वार्षिक वर्गणी, एखाद्या सदस्याने मुलीच्या लग्नानिमित्त दिलेली देणगी, ग्रामपंचायतीने फुकट दिलेली खोली यांवर हा कारभार चालतो. २०२० मध्ये राज्याने ग्रामीण भागातील माजी सैनिकांना घरपट्टीत माफी देणारी योजना आणली, तेव्हा तिचे अर्जही बहुतेक ठिकाणी याच मंडळींनी भरून घेतले.

टीकेचे मुद्दे

या संघटना निर्दोष आहेत असे कोणी समजू नये. एका तालुक्यात तीन-तीन संघटना, प्रत्येकीचा वेगळा अध्यक्ष आणि निवडणुकीच्या तोंडावर प्रत्येकीचा वेगळा पाठिंबा, हे चित्र नवीन नाही. ‘समान श्रेणी, समान निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी २०१५ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर सर्व दर्जाचे माजी सैनिक एकत्र बसले होते. त्याच मागणीच्या अंमलबजावणीतील तफावतीवरून २०२३ मध्ये जवान आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांना तेथे वेगळे बसावे लागले. अधिकारी आणि जवान यांच्यातील ही दरी जिल्हा पातळीवर अधिकच ठळक असते. पुण्यात स्थायिक झालेल्या कर्नलसाहेबांच्या संघटनेची चर्चासत्रे आणि माणमधील नाईकाच्या टेबलासमोरची रांग यांचा एकमेकांशी संबंध फारच क्वचित येतो. कागदपत्रांच्या या कामात दलालही शिरले आहेत. थकबाकी मिळवून देतो म्हणून टक्केवारी घेणारा माणूस स्वतःला संघटनेचाच पदाधिकारी म्हणवतो, तेव्हा नाव सर्वांचेच खराब होते.

आणखी एक उणीव फारशी बोलली जात नाही. मदतीसाठी येणाऱ्यांत महिलांची संख्या मोठी, आणि कार्यकारिणीत महिला जवळजवळ नाहीत. वीरपत्नी आणि वीरमातांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. मात्र सरचिटणीसपदी एखादी वीरपत्नी बसावी, असा ठराव मांडलेला ऐकिवात नाही. ज्या बाईने स्वतःचे प्रकरण चार वर्षे लढवून मार्गी लावले, तिला या कामाचे जे ज्ञान असते ते कोणत्याही सुभेदारापेक्षा कमी नसते. शिवाय दुसरी बाई तिच्याशी घरातली गोष्ट मोकळेपणाने बोलेल. दीर मुलांच्या वाट्याची रक्कम मागतो आहे, हे पुरुषांनी भरलेल्या खोलीत कोणी सांगत नाही.

मनुष्यबळाचा प्रश्न तर उघडच आहे. हे टेबल सांभाळणारी पिढी १९७१ च्या युद्धाच्या आसपास भरती झालेली किंवा तिच्या लगेच मागची आहे. पन्नाशीतील निवृत्त जवान दुसऱ्या नोकरीत अडकलेला, आणि त्याची मुले पुण्या-मुंबईत. जुन्या फायली ज्यांना वाचता येतात त्यांनाच संगणक वापरता येत नाही, आणि ज्यांना संगणक येतो त्यांना ‘किंड्रेड रोल’ म्हणजे काय ते माहीत नाही.

वस्तुतः फार मोठ्या योजनेची यासाठी गरज नाही. ध्वजदिन निधीतून गरजू वृद्ध माजी सैनिकांना व विधवांना मिळणारे मासिक अनुदान केंद्राने नोव्हेंबर २०२५ पासून चार हजारांवरून आठ हजार रुपये केले. ते निवृत्तिवेतन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्यांसाठी आहे आणि त्याचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच जातो. म्हणजे रक्कम दुप्पट झाल्याचा लाभ अर्ज पोहोचलेल्यांनाच होणार. या कार्यालयांनी प्रत्येक तालुक्यातील विश्वासार्ह संघटनेला अधिकृत मदत केंद्राचा दर्जा द्यावा, दोन माणसांना ‘स्पर्श’चे प्रशिक्षण आणि अल्प मानधन द्यावे, अभिलेख कार्यालयांशी थेट पत्रव्यवहाराची मुभा द्यावी. त्याबदल्यात संघटनेने हिशेब आणि निकाली प्रकरणांची यादी दरवर्षी जाहीर करावी. दलालाला पायबंद बसण्याचा याहून सोपा उपाय नाही. मुंबईत सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे, हे खरे. पण पत्नीच्या नावातील एका अक्षरासाठी बाईने तेथवर जाण्याची वेळच येऊ नये.

या चर्चेला अग्निवीरांमुळे एक नवी घाई प्राप्त झाली आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. योजनेनुसार त्यांतील एक चतुर्थांशापर्यंत जवान सेवेत कायम राहतात. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन गावी येणार. योजनेच्या मूळ अटींप्रमाणे त्यांना निवृत्तिवेतन नाही, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ नाही आणि ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. त्यामुळे सैनिक कल्याण कार्यालयाच्या चौकटीत ते नेमके कोठे बसतात, हा प्रश्न उरतो. संगणक आणि मोबाइल सहज हाताळणारे, शिस्तीत वाढलेले, गावातच असलेले हे तरुण तालुक्याच्या त्या टेबलाला हवे तसेच आहेत. त्यांना सदस्य करून घ्यावयाचे तर संघटनांना आपल्या घटनेतील ‘माजी सैनिक’ या शब्दाची व्याख्या बदलावी लागेल, आणि त्यासाठी सर्वसाधारण सभा सरकारी निर्णयाची वाट न पाहता बोलावता येते.