गाढवाला गूळ दिला कुणी?



मेहकर तालुक्यातील एका गावात वस्तीतल्या मुलांच्या अभ्यासिकेसाठी आम्ही एक रिकामी खोली मागायला गेलो होतो. समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, "यांना पुस्तकं कशाला? गाढवाला गुळाची चव काय!" सोबतची मुले मान खाली घालून उभी राहिली. म्हणून हा लेख.

म्हणीचा रूढ अर्थ असा की, अडाण्याला चांगल्या वस्तूची किंमत कळत नाही. पण गाढवाला गूळ कधी कुणी दिला होता का? ढेपा वाहायला त्याची पाठ चालते, चाखायला तोंड चालत नाही. न देणाऱ्याचा गुन्हा न मिळालेल्याच्या माथी मारायचा, ही या म्हणीची खरी करामत.

म्हणीला एक कर्ता नसतो. तिचे मूळ समाजव्यवस्थेत शोधावे लागते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाचे धन म्हणजे कुत्री आणि गाढवे, असे ठरवून दिले आहे. म्हणजे गाढव कुणाच्या दारात बांधायचे हेही व्यवस्थेनेच ठरवले. उलट सुश्रुतसंहिता चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाची उपमा देते ती अर्थ न समजता शास्त्रे घोकणाऱ्याला! मग खरा अडाणी कोण?

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. प्रस्तावनेत संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही हे त्यांनी सरळ मान्य केले. पण तेवढ्याने आपण अपात्र ठरत नाही, कारण बहुतेक संस्कृत साहित्य इंग्रजीत उपलब्ध आहे, असेही ठणकावले. हा ग्रंथ त्यांनी महात्मा फुलेंना अर्पण केला.

यातून आम्ही एवढेच शिकलो की, माहीत नसणे ही लाज नाही. माहीत होऊ न देणे ही लाज आहे. आणि हे आपल्यालाही लागू आहे. चार पुस्तके वाचून वस्तीतल्या माणसांना "यांना काही कळत नाही" म्हणणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. तेही हीच म्हण वेगळ्या शब्दांत बोलतात.

ती खोली मिळाली नाही. अभ्यासिका आता संध्याकाळी विहारात भरते. यापुढे कुणी ही म्हण तोंडावर फेकली, तर मान खाली घालू नका. एकच प्रश्न विचारा : गूळ कुणाच्या घरात कोंडून ठेवला आहे?

जयभीम!