तालमीचा सातबारा

आमच्या विश्रांतवाडीचे नाव मोठे गोड आहे. विश्रांती घेताना मात्र इथे कोणी दिसत नाही. आळंदी रस्त्यावर रात्री दोन वाजतासुद्धा कोणाला तरी पुढे जायची घाई असते. वर्षातून एकच दिवस हा रस्ता वाहनांकडून काढून घेऊन माणसांच्या ताब्यात देतात. ज्ञानोबांची पालखी दिघी, कळस ओलांडून पुण्याकडे निघते, तो तो दिवस. त्या दिवशी आमच्या तालमीच्या पडवीत वारकऱ्यांसाठी चहाचे भले मोठे पातेले चढते. मला कळायला लागल्यापासून ते चढत आले आहे. यंदा चढले नाही. पडवीच्या तोंडाशी आडवी दोरी बांधलेली होती आणि चहा शेजारच्या केशकर्तनालयाच्या ओट्यावर उकळत होता. वारकऱ्यांचे काय, त्यांनी तिथे उभ्याउभ्या चहा घेतला आणि ते नामाच्या नादात पुढे गेले. आमचे वस्ताद मात्र दोरीच्या आत खुर्ची टाकून बसले होते; छत पडायचेच असेल तर ते आपल्यावर पडावे, अशा बेताने.

ही तालीम १९७१ सालची. पडवीला मंगलोरी कौले, हौद्यावर पत्रे, पत्र्याखाली लाकडी कैच्या, आणि दगडी जोत्यावर विटांच्या भिंती. पश्चिमेच्या भिंतीने गेल्या चारपाच पावसाळ्यांत पोट सोडले आहे. पहिलवानाने पोट सोडले तर वस्ताद त्याला हौद्यातून हाकलतात. भिंतीला कोण हाकलणार? एका कैचीत वाळवी शिरली आहे. पावसाचे पाणी थेट हौद्यात उतरते, आणि तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून पोसलेल्या मातीचा चिखल होतो. ती माती म्हणजे काही नुसती माती नव्हे. वस्ताद तिला लोणच्यासारखी मुरवतात. यंदा नागपंचमीला ती उकरून पाहिली तेव्हा तिला कुबट वास येत होता. वस्तादांनी मूठभर माती नाकाशी नेली, परत टाकली आणि ते काही बोलले नाहीत. तालमीत पूर्वी चाळीसएक पोरे येत. आता नऊ येतात. आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. मीसुद्धा माझ्या मुलाला त्या कैचीखाली उभा करणार नाही.

तेव्हा महापालिकेकडे दुरुस्तीचा निधी मागायचा, असे आषाढातल्या बैठकीत ठरले. अर्ज लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. "मास्तर, तुम्ही कॉलेजात मराठी शिकवता. असा अर्ज लिहा की साहेबाच्या डोळ्यांत पाणी आले पाहिजे," वस्ताद म्हणाले. मीही चढलो. दोन रात्री जागून साडेतीन पाने लिहिली. त्यांत समर्थांनी स्थापलेले मारुती आले, बलोपासना आली, मातीचे महात्म्य आले. वाचून दाखवले तेव्हा सेक्रेटरींनी खरोखरच डोळे पुसले.

साहेबांनी पुसले नाहीत. ते तरुण अभियंता होते, वागायला अगदी सौजन्यशील. साडेतीनही पाने त्यांनी वाचली. इतके सौजन्य तर माझे विद्यार्थीही दाखवत नाहीत. मग म्हणाले, "सर, फार छान लिहिलंय. पण यात मागणी कुठे आहे?" ती तिसऱ्या पानाच्या तळाशी होती, मी दाखवली. "बरं. आता पूर्वगणनपत्रक करायचं म्हणजे मला एक गोष्ट कळायला हवी. इमारत कोणाची?"

वाचकहो, बावीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. पूर्वगणनपत्रक हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडाने उच्चारला. कामाला किती खर्च येईल याचा तपशीलवार अंदाज, असा त्याचा अर्थ. पण शब्द अडला नाही. अडला तो प्रश्न.

"इमारत आमची," असे मी म्हणालो. "आमची म्हणजे?" असे त्यांनी विचारले. घरी येईपर्यंत मी उत्तर शोधत होतो.

सेक्रेटरींच्या माळ्यावर तालमीची पत्र्याची ट्रंक आहे. ती आम्ही खाली उतरवली. आत निघाली एक विश्वस्तांची यादी. सात नावे. त्यांतले पाच जण कधीच देवाघरी गेले आहेत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत बदल अर्ज द्यावा, असे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात आहे. आम्ही एकही दिला नव्हता. म्हणजे सरकारी दप्तरात ते पाचही जण आजही हयात आहेत, आणि तालमीवर त्यांचे बहुमत आहे! वार्षिक हिशेब शेवटचे तपासले गेले त्याला बरीच वर्षे झाली. पडवीलगतची खोली आम्ही एका दुकानाला भाड्याने दिली आहे. ते भाडे वहीत कुठे दिसेना. "तालमीलाच लागते ते. खुराकाला जाते, विजेच्या बिलाला जाते," सेक्रेटरी म्हणाले. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत, पैसा खरोखर तिथेच जात असणार. पण मी साहेबांच्या जागी असतो तर मी विश्वास ठेवला असता का? शिवाय तीस वर्षांपुढच्या इमारतीची परवानाधारक अभियंत्याकडून तपासणी करून मालकाने दाखला घ्यावा, असे महापालिकांच्या कायद्यात कलम २६५-अ आहे. आमची इमारत तिशीला आली त्याला पंचवीस वर्षे होत आली. दाखला कोण आणणार? मालक. मालक कोण? पुन्हा तोच प्रश्न.

आणि मग सातबारा पाहिला. जमीन दोन गुंठे. नाव, ज्यांनी ती तालमीला दिली त्या शेतकऱ्याचे. दिली ती तोंडी, मारुतीसमोर नारळ फोडून. १९७१ साली एवढे पुरत असे. आज त्यांचे वारस चौदा आहेत, आणि आळंदी रस्त्यालगतच्या दोन गुंठ्यांचे काय मोल होते ते मी सांगायला नको.

ट्रंकेच्या तळाशी आणखी एक वही होती, बांधकामाच्या वर्गणीची. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला रक्कम. पण पहिल्या दोन पानांनंतर रकमेच्या रकान्यात रुपये दिसेनासे होतात. 'दोन गाड्या वाळू.' 'शंभर कौले.' आणि मग पानेच्या पाने: 'तीन रविवार.' 'दोन रविवार.' 'पाच रविवार व टिकाव.' आमच्याकडचे पुष्कळ लोक तेव्हा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. हातात पैसा नव्हता. सुट्टीचा वार होता, तो दिला. अकराव्या पानावर माझ्या वडिलांचे नाव आहे. समोर 'एक रविवार.' एकच कसा, हे विचारायला आता ते नाहीत. हे रविवार पूर्वगणनपत्रकाच्या कोणत्या रकान्यात बसवायचे?

निधीचा नियम साधा आहे. सार्वजनिक पैसा सार्वजनिक मालमत्तेवर खर्चावा. नगरसेवकाच्या सूचनेने प्रभागात जी कामे होतात, ज्यांना पुण्यात 'स यादी'तली कामे म्हणतात, त्यांनाही तेच लागू. कायद्यात महापालिकेची कर्तव्ये दोन रांगांत उभी केली आहेत. पाणी, गटारे, दिवे ही आवश्यक. करमणूक आणि खेळ बहुतेक ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे मर्जीचे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासकाचा कारभार होता, तेव्हा तर मर्जी कोणाची राखावी हेही लोकांना कळत नव्हते. तेव्हा साहेबांनी वाट सुचवली ती सरळच होती. जागा आणि इमारत महापालिकेच्या नावे करून द्या. मग दुरुस्ती कशाला, नवी इमारतही होऊ शकेल. आणि पुढे ती चालवायची कोणी? "ते नियमाप्रमाणे. निविदा निघेल. तुम्हीही भरू शकता."

यावर श्रावणात जी बैठक झाली ती कुस्तीपेक्षा रंगली. आमच्यातले एक तात्या उसळून म्हणाले, "तालमींनी कधी सरकारपुढे हात पसरले नाहीत!" हे काही खरे नाही, आणि मी तसे सांगितले. कोल्हापूरच्या तालमी राजाश्रयावर वाढल्या; खासबागेचे मैदान १९१२ साली शाहू महाराजांनी उभारले. मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय गेला. आता आहे तो नगरसेवकाश्रय. तात्यांचे म्हणणे थोडे खरेही आहे. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. त्या सात हजारांना पूर्वगणनपत्रक नव्हते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे. त्यांनी पैसा मिळवला, तसे कागदही सांभाळले, म्हणून ती उभी आहेत. आमच्या तालमीने फक्त माती सांभाळली.

मी बैठकीत प्रागचीही गोष्ट सांगितली. तिथे १८६२ साली 'सोकोल' नावाची व्यायामसंस्था निघाली. गावोगावी लोकांनी आपल्या पैशाने तिची सभागृहे बांधली. १९४१ साली नाझींनी तिच्यावर बंदी घातली. १९४८ नंतर कम्युनिस्ट राजवटीने ती पुन्हा दडपली आणि इमारती सरकारजमा झाल्या. १९९० साली संस्था पुन्हा उभी राहिली आणि इमारती परत मागू लागली. ज्यांच्याजवळ कागद होते त्यांना मागणे सोपे गेले असणार, असे मी जोर देऊन म्हणालो. कोणी ऐकले नाही. एकाने जांभई दिली. तरुण मंडळी तर वेगळ्याच गोष्टीसाठी भांडत होती. त्यांना माती नको, मॅट हवी. स्पर्धा मॅटवर होतात हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. खाशाबांनाही परदेशात मॅटवरच खेळावे लागले. "महापालिकेला देऊन टाका. निदान मॅट तरी येईल," एक पोरगा म्हणाला. वस्तादांनी त्याच्याकडे पाहिले. मला वाटले आता कडाडतील. पण ते एवढेच म्हणाले, "मॅट आणा. पण मी मेल्यावर कुलपाची किल्ली कोणाकडे असेल, ते आधी सांगा."

बोलणे तुटेपर्यंत ताणले गेले होते आणि तेवढ्यात जमीन देणाऱ्याचे नातू उठले. चौदा वारसांतले हे वडील. गृहस्थ कमी बोलणारे. "आजोबांनी जागा तालमीला दिली. तालमीला हवी तर आम्ही चौदाही जण सही करू. दुसऱ्या कोणाला देण्यासाठी सही मागू नका." एवढे बोलून ते बसले. बिल्डर त्यांच्याकडे दोनदा येऊन गेला आहे हे सगळ्या बैठकीला माहीत होते. त्यामुळे त्यानंतर बराच वेळ कोणाला मॅटचा विषय काढवेना.

माझे मत मी तेव्हा मांडले, आणि अजून ते बदललेले नाही. वारसांनी जागा बक्षीसपत्राने विश्वस्त संस्थेला द्यावी, ती रीतसर नोंदवावी. संस्थेने मालकी आपल्याकडे ठेवून इमारत ठरावीक वर्षांच्या कराराने महापालिकेकडे द्यावी. महापालिकेने छत आणि भिंत करावी. हौदा आणि वेळापत्रक संस्थेचे. त्याच्या बदल्यात दार सगळ्यांना उघडे, कोणत्या आळीचा, कोणत्या जातीचा हे न विचारता. मुलींनाही, ज्यांना या तालमीत अजून पाऊल टाकायला मिळालेले नाही. आणि दुकानाचे भाडे वहीत. शेवटच्या दोन कलमांवर जास्त कुरकुर झाली. सात जणांच्या कुलपावर सगळ्या गावाचा पैसा लावू नये, हे महापालिकेचे म्हणणे मला पटते. कुलूप बदलले की रविवार देणाऱ्यांची पोरे निविदा भरत रांगेत उभी राहावीत, हे पटत नाही. असा करार कायद्यात बसतो का, ते वकिलांना विचारले आहे. मुद्रांक शुल्काचा अंदाज ऐकून सेक्रेटरी खाली बसले होते, ते अजून नीटसे उठलेले नाहीत.

दरम्यान बदल अर्ज गेला. पाच मृत्यूचे दाखले गोळा करायला दीड महिना लागला. दसऱ्याला हत्यारांऐवजी आम्ही जोड्या, करेला आणि ती वही पूजेला मांडली. महापालिकेचा अर्जही मी नव्याने लिहिला. या वेळी अकरा ओळी झाल्या. त्यांत समर्थ नाहीत, मारुती नाही. वस्तादांना वाचून दाखवला तर म्हणाले, "हा तुम्ही लिहिलात?" यापेक्षा कठोर टीका माझ्या लेखनावर आजवर झालेली नाही.

भाऊबीज झाली की येणाऱ्या रविवारी पुन्हा बैठक आहे. चौदांपैकी अकरा वारस येणार म्हणून कळले आहे. उरलेल्या तिघांचे नक्की नाही. तोवर वाळवीच्या कैचीखाली दोन सागवानी टेकू दिले आहेत. नऊ पोरांपैकी कोणीतरी त्यांवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'टेकुला हात लाऊ नये'. शुद्धलेखन चुकले आहे. खडू जवळच पडला होता, पण मी दुरुस्त केले नाही.