बांधावरची एरंडी आणि पाण्यात कालवलेले रोगण

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील कास्तकारास एरंडी नवी नाही. सोयाबीनच्या वा कपाशीच्या कडेने चार झाडे लावावीत, पाने खाणाऱ्या अळीच्या पतंगाने पिकाऐवजी त्यांच्या रुंद पानांवर अंडी घालावीत आणि ती पाने तोडून नष्ट करावीत, हा उपाय सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र बी फुटले म्हणजे पायलीदोन पायली गावच्या दुकानी घालून मीठमिरची आणावयाची, एवढाच तिचा मान. आम्ही महसुली दप्तरात उभा जन्म घालविला. बांधावरची एरंडी पीकपाहणीत चढलेली क्वचितच पाहिली. जे दप्तरात नाही त्याची किंमत मालकासही वाटत नाही, हा आमचा अनुभव.

या उपेक्षित बियांच्या तेलास आज एका नव्या धंद्यात मोल आहे. सन १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने पॉलियुरेथेन नामक पदार्थाचा शोध लाविला. गादीतील फेस, बुटाचा तळ, लाकडावरील चकचकीत रोगण ही सारी त्याचीच रूपे होत. पूर्वी हे रोगण उग्र वासाच्या द्रावकात विरघळवीत. द्रावक उडून हवेत जाई, कारागिराच्या छातीत जाई, शिवाय आगीचे भय असे. त्यावर तोड म्हणून तेच प्लास्टिक पाण्यात कालविण्याची युक्ती निघाली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे प्लास्टिक पाण्यात साखरेसारखे विरघळत नाही. दुधात स्निग्धांश तरंगावा तसे त्याचे सूक्ष्म कण तरंगतात. त्यासाठी प्लास्टिकच्या साखळीत आम्लाचा अंश असलेला एक घटक गुंफतात व तो अल्कधर्मी द्रव्याने उदासीन करतात. त्यामुळे कणांवर विद्युत्भार येतो, ते एकमेकांस दूर लोटतात व तळाशी बसत नाहीत. लेप दिल्यावर पाणी उडून जाते, कण एकजीव होतात, आणि चांगल्या प्रतीचा पापुद्रा पुन्हा पाण्याने सुटत नाही.

आता एरंडीचा संबंध पाहू. ही साखळी बांधण्यास आयसोसायनेट नावाचे द्रव्य आणि हायड्रॉक्सिल गट असलेले दुसरे द्रव्य लागते. सोयाबीनच्या तेलात असे गट नसतात. ते रासायनिक क्रियेने बसवावे लागतात. एरंडेलात मात्र सुमारे ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असून त्यातील गट निसर्गानेच बसविलेले आहेत. कारखानदारास एरंडेल हवे ते याचसाठी.

मग सोयाबीन मोडून सर्वत्र एरंडी पेरावी काय? आमचे मत स्पष्टपणे नकाराचे आहे. जगातील बहुतेक एरंडी हिंदुस्थानात व त्यातील बहुतांश गुजरातेत पिकते. भाव तेथील बाजारपेठा ठरवितात. आपण एकटेदुकटे त्या भावामागे धावलो तर दलालाचेच पोट भरेल. शिवाय या धंद्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. आयसोसायनेट हे घातक द्रव्य आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळात ज्या वायूने हजारो जीव घेतले तो याच कुळातला. तो येथे वापरीत नाहीत, तरी कुळाचा स्वभाव ओळखून असावे. तसेच ‘वनस्पतिजन्य’ म्हणविणाऱ्या रोगणातही आयसोसायनेट बहुधा खनिज तेलापासूनच येते, आणि पाण्यात कालविले म्हणून प्लास्टिक मातीत कुजतेच असे नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर जे निर्बंध घातले, त्यांत खतांवरील व बियाण्यांवरील लेपही येतात. असे लेप दिलेले खत वा बियाणे कोणी विकावयास आणील, तेव्हा हे कुजते काय, हा प्रश्न त्यास अवश्य विचारावा.

करावयाचे ते एवढेच. बांधावरची एरंडी मोडू नये. पण बिया विषारी असल्याने लेकरे व गुरे यांपासून जपावी, आणि पेंड खत म्हणून शेतास घालावी, दावणीत नव्हे. बी चांगले वाळवून, माती व कचरा काढून साठवावे. आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून वायू सोडते, म्हणून या कामास ओलसर तेल चालत नाही; ओले व जुनाट बी आम्लताही वाढविते. स्वच्छतेस दाम आहे तो असा.

आणि आपल्या संस्थेने पुढाकार घ्यावा. गावोगावची एरंडी एकत्र करून तेलाचे प्रमाण तपासून विकावी. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आपल्या विदर्भासाठी आहे. शेजारच्या जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची शाखा २०१८ पासून उभी आहे. वाण कोणता घ्यावा हे पहिल्यास, आणि आमचे तेल या कामी कितपत उतरते हे दुसरीस, पत्राने विचारण्यास खर्च तो किती?

आपल्या वऱ्हाडाने कापूस पिकविला आणि कापडाचा नफा इतरांनी नेला. तीच गोष्ट एरंडीच्या पायलीबाबत पुन्हा घडू नये, म्हणून हा लेखनप्रपंच. सभासदांनी येत्या सभेत याचा विचार करावा, ही विनंती.