जावे मालवणाच्या गावा

मालवणला जाऊन आलेल्या माणसाला 'काय काय पाहिलेत?' असे विचारून पाहावे. उत्तर ठरलेले असते. किल्ला केला, स्कूबा केले, तारकर्लीला डॉल्फिन पाहिले (किंवा दिसले नाहीत म्हणून बोटवाल्याशी हुज्जत घातली), देवबागच्या संगमावर फोटो काढले, रॉक गार्डनमध्ये सूर्य बुडवला आणि सुरमईची थाळी खाल्ली. हे सगळे दीड दिवसात. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी गाडीत, कारण वाटेत कुणकेश्वर आणि गणपतीपुळेही 'करायचे' असते. देवाला आणि समुद्राला 'करणे' हे क्रियापद आपण कधीपासून लावू लागलो कोण जाणे!

माझी तक्रार गर्दीविषयी नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली, २०२१ साली चिपीला विमानतळही आला. माणसे येणारच आणि यावीत. ज्या घरांतला धाकटा मुलगा मिसरूड फुटताच लालबाग-परळच्या चाळीत चुलत्याकडे पोचवला जायचा, त्या घरांत आज मागच्या पडवीत दोन खोल्या काढून पाहुण्यांची सोय केलेली असते आणि तो मुलगा गावातच राहून होडी चालवतो. हे चांगले झाले. तक्रार आहे ती आपल्या नजरेविषयी. हा किनारा आपल्यासाठी मांडून ठेवलेली बाग आहे असे समजून आपण तिथे उतरतो. प्रत्यक्षात ते कोणाचे तरी शेत आहे. फक्त त्याला बांध दिसत नाहीत.

किल्ल्यापासूनच सुरुवात करू. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्याची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आजही आहे, खडकात कोरलेल्या गणपतीसह. तिथे गर्दी कधी नसते. किल्ल्यावर मात्र पाऊण तासात परत येण्याच्या बोलीवर होड्या भरून जातात. शिवराजेश्वराचे मंदिर, तिथली महाराजांची बिनदाढीची मूर्ती, चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी. अठ्ठेचाळीस एकरांचा हा पसारा पाऊण तासात कसा मावतो हे त्या होडीवाल्यालाच ठाऊक.

पण महाराजांनी हेच बेट का निवडले? भोवतालचा समुद्र खडकांनी भरलेला आहे. पाण्याखाली दडलेल्या त्या खडकांमधून वाट काढावी ती इथल्याच नाखव्याने, परक्या गलबताने आत शिरणे म्हणजे तळ फोडून घेणे. किल्ल्याची पहिली तटबंदी निसर्गानेच बांधलेली होती. आणि आज ज्या प्रवाळांसाठी नि रंगीत माशांसाठी आपण नाकाला नळी लावून पाण्यात उतरतो, ते याच खडकांच्या आसऱ्याने राहतात. मासे तिथे वाढतात. म्हणूनच तर १९८७ साली इथला २९.१२ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आपल्या जाळ्यांवर गदा येईल या भीतीने इथल्या मच्छिमारांनी त्याला विरोध केला होता. आता गंमत पाहा. ज्याच्या बापजाद्यांनी हा समुद्र राखला त्याला नियमांची भीती, आणि मुंबई-पुण्याहून आलेला गृहस्थ प्रवाळावर पाय रोवून फोटोसाठी हात हलवतो आहे! मी गेलो त्या बोटीवर मासे जवळ यावेत म्हणून पावाचे तुकडे टाकत होते. वीस मिनिटांत हौस फिटली, चित्रफीत हाती आली. पाण्याखाली काय पाहिले असे कोणी विचारले असते तर, पाव खाणारे मासे, एवढेच सांगता आले असते.

या घाईची किंमत कधी फार मोठी पडते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक बुडाले. बोटवाल्यांनी नियम पाळायला हवेत हे तर खरेच. पण लाइफ जॅकेटने शर्ट चुरगळतो म्हणून ते काढून मांडीवर ठेवणारे बाप मी डोळ्यांनी पाहिले आहेत आणि 'आणखी दोघे बसतील हो' असा आग्रह धरणाऱ्या आत्याबाईही पाहिल्या आहेत.

आता थाळीकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. मालवणात उतरलेल्या माणसाला सुरमईच हवी असते, फार तर पापलेट. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकींना मी पहिल्याच दिवशी सुरमईचे विचारले. त्या म्हणाल्या, "आज गावूक नाय. बांगडो ताजो आसा, तो खावा." आमच्यातल्या एकाने जरा कुरकुर केली तशी काकी हसून म्हणाल्या, "दर्यो काय फ्रीज आसा, दार उघडून काढूक?"

त्या रात्री तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले जेवलो आणि सुरमईची आठवण कोणालाही झाली नाही. पण सगळीकडे अशा काकी नसतात. गिऱ्हाईक मागते म्हणून फळ्यावर बारा महिने सुरमई लिहिलेली असते. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, मासळी अंडी घालते. त्या दिवसांतही ती थाळीत येते ती बर्फातून, दूरवरून. एरवी पुरती वाढ न झालेली, वीतभर सुरमईही तव्यावर चढते. रोज तोच मासा हवा, या हट्टाला पुरे पडणारे जाळे पारंपरिक मच्छिमाराकडे नाही. ते आहे पर्ससीनवाल्यांकडे आणि रात्री समुद्रावर दिव्यांचा झगमगाट करून मासे गोळा करणाऱ्यांकडे. पर्ससीनवर राज्याने २०१६ साली निर्बंध आणले, दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. तरी किनाऱ्यावरच्या कोणाही म्हाताऱ्या मच्छिमाराशी पाच मिनिटे बोला, सहाव्या मिनिटाला तो याच विषयावर येतो. आपण तेव्हा सोलकढीचा दुसरा पेला मागवत असतो.

रापण पाहिली आहे का? नसेल तर बाकीचे सारे सोडून तेवढी पाहावी. होडी अर्धवर्तुळ घेत लांबच लांब जाळे सोडत जाते आणि त्याच्या दोन टोकांचे दोर वाळूवर येतात. मग वीस-पंचवीस माणसे एका दोराला, तेवढीच दुसऱ्या दोराला. टाचा वाळूत रोवून, मागे रेलून, एका तालात ओढणे सुरू होते. तासाभराने जाळे किनाऱ्याला लागते. त्यात बांगडे असतील, तारले असतील, नुसते पेडवे असतील, कधी तर निव्वळ शेवाळ. जे येईल त्याचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि दोराला हात लावणाऱ्याचाही वाटा. सहकाराचे धडे आपण पुस्तकातून गिरवतो, इथे ते ओल्या दोरावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

याला मोकळा किनारा लागतो. आणि तोच आता उरत नाही. जिथे जाळे ओढायचे तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या नि छत्र्या मांडलेल्या, पाण्यात मोटारींच्या घिरट्या. एका सकाळी मी पाहिले, दोर ताणलेला होता आणि एक कुटुंब त्यावरून उड्या मारीत होते. ओढणारे काही बोलले नाहीत. पाहुण्यांना बोलायचे कसे, हा कोकणी संकोच. त्यांच्या पोरांच्याही खुर्च्या तिथे भाड्याने लागलेल्या असतात, हेही खरे. म्हणून हे भांडण गाव विरुद्ध पर्यटक असे सरळ नाही. एकाच घरात थोरला रापणीवर आणि धाकटा पॅरासेलिंगवर असतो आणि दोघांची जागा एकच असते. किनाऱ्याचा कोणता तुकडा कोणत्या वेळी रापणीचा, हे पंचायतीने आणि बंदर खात्याने गावाला बसवून ठरवले पाहिजे. पाटी लावली पाहिजे. आपण ती वाचली पाहिजे.

तर पुढच्या खेपेला मालवणला तीन रात्री राहावे. संध्याकाळी होड्या लागल्यावर लिलावाला उभे राहावे, पण कोळणींच्या पायात येऊ नये. आज काय मिळाले ते विचारावे नि तेच खावे. ओहोटीची वेळ गावकऱ्यांना विचारून पद्मगडापर्यंत चालावे. दशावताराची पाटी दिसली तर रात्र जागवावी. निघताना खाजे घ्यायला विसरू नये.

आमच्या मुलांनी शेवटच्या दिवशी रापणीचा दोर धरला. किती ओढला देव जाणे, तळहात मात्र लाल झाले. वाटे पडल्यावर एका म्हाताऱ्या रापणकराने हाक मारून त्यांच्या ओंजळीत पेडवे टाकले. नको नको म्हणालो तर रागावला. काकींनी ते दुपारी तळून दिले. मोजून अकरा होते आणि खाणारे पाच.