विश्लेषण : हॉटेलच्या बिलातील ‘सेवा शुल्क’ द्यायचे की नाकारायचे?

मुंबईतील लोअर परळ, वांद्रे किंवा काळा घोडा, पुण्यातील कोरेगाव पार्क. येथे गेल्या काही वर्षांत एका विशिष्ट धाटणीची उपाहारगृहे वाढली. पांढरे टेबलक्लॉथ नाहीत, टाय लावलेले वेटर नाहीत, जीन्स घालून गेले तरी कोणी भुवया उंचावत नाही. पण दोघांच्या जेवणाचे बिल सहज तीन-साडेतीन हजारांवर जाते. या बिलात पदार्थांची बेरीज आणि कर यांच्या मधोमध एक ओळ हमखास असते, सेवा शुल्क १० टक्के. ही ओळ सक्तीची नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी स्पष्ट केले. तरीही अनेक ठिकाणी ती छापून येते आणि बहुतेक ग्राहक मुकाट्याने पैसे भरतात.

सेवा शुल्क हा कर आहे का?

नाही. गोंधळाचे मूळ नेमके येथे आहे. जीएसटी येण्यापूर्वी वातानुकूलित उपाहारगृहांच्या बिलात ‘सेवा कर’ असे. तो सरकारचा होता. नावातील साधर्म्यामुळे ‘सेवा शुल्क’ही सरकारी वाटते, प्रत्यक्षात ते उपाहारगृह स्वतःहून लावते आणि स्वतःकडे ठेवते. काही ठिकाणी तर पूर्ण शब्दही छापत नाहीत, ‘एस. सी.’ अशी दोन अक्षरे टाकून भागवतात. अशा संक्षेपांमुळे ग्राहकाची दिशाभूल होते, याची दखल न्यायालयाने घेतली आहे.

यात आणखी एक मेख आहे. शुल्क बिलात मिळवले, की त्यावरही जीएसटी लागतो. उदाहरणार्थ, खाद्यपदार्थांचे ३,००० रुपये झाले. त्यावर १० टक्के सेवा शुल्क म्हणजे ३०० रुपये. आता ५ टक्के जीएसटी ३,००० वर नव्हे, तर ३,३०० वर, म्हणजे १६५ रुपये. एकूण ३,४६५. शुल्क नसते तर जीएसटी १५० रुपये आणि बिल ३,१५० रुपये. फरक ३०० नव्हे, ३१५ रुपयांचा. रक्कम फार मोठी नाही, पण न मागितलेल्या गोष्टीवर करही भरावा लागतो, हे ग्राहकाच्या लक्षात येत नाही.

वाद न्यायालयात कसा गेला?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने एप्रिल २०१७ मध्येच सेवा शुल्क ऐच्छिक असल्याचे म्हटले होते. फारसा फरक पडला नाही. पुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आला आणि त्याखाली जुलै २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली. बिलात आपोआप सेवा शुल्क लावायचे नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचे नाही, ते न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही, आणि खाण्याच्या रकमेत मिसळून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही, असा त्याचा आशय.

नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया आणि फेडरेशन ऑफ हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन्स ऑफ इंडिया या दोन संघटना लगेच दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २० जुलै २०२२ रोजी त्यांना स्थगिती मिळाली. मात्र शुल्काची माहिती मेन्यूवर आणि दर्शनी भागात ठळक लावावी, पार्सलवर ते घेऊ नये, अशा अटी घालून. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने फेडरेशनच्या सदस्यांना ‘कर्मचारी योगदान’ हा शब्द वापरण्यास आणि १० टक्क्यांवर न जाण्यास सांगितले. जवळपास पावणेतीन वर्षे हा मामला असाच लोंबकळत राहिला.

अखेर न्या. प्रतिभा सिंह यांनी दोन्ही याचिका फेटाळल्या आणि प्रत्येकी एक लाख रुपये खर्च लावला. सक्तीची वसुली ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि अशी तत्त्वे काढण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे, हे निकालाचे सार. ग्राहकाने स्वखुशीने टीप देण्याला कोणतीही आडकाठी नाही. उलट, जे मुळात टीपच आहे त्याला शुल्क म्हणू नये, नावच बदलण्याचा विचार प्राधिकरणाने करावा, असेही न्यायालयाने सुचवले. यानंतर प्राधिकरणाने दिल्लीतील पाच उपाहारगृहांची स्वतःहून दखल घेतली.

उपाहारगृहांचे म्हणणे काय?

ते सरसकट उडवून लावण्याजोगे नाही. टीप टेबलापाशी येणाऱ्या वेटरच्या हाती पडते. भटारखान्यात तंदूरसमोर उभा असलेला, भांडी विसळणारा, फरशी पुसणारा ग्राहकाला दिसतच नाही. सेवा शुल्क एकत्र जमा होऊन सर्वांत वाटले जाते, अनेक ठिकाणी त्याबाबत कामगारांशी करार आहेत आणि रक्कम हिशेबात नोंदली जाते, असे संघटनांचे म्हणणे. शिवाय मेन्यूवर छापले आहे, ग्राहक ते वाचून बसला, म्हणजे करार झाला, असाही युक्तिवाद होता.

पण या युक्तिवादाला कामगारांच्या बाजूनेच एक भगदाड आहे. गोळा झालेली रक्कम संपूर्णपणे कर्मचाऱ्यांनाच द्यावी, असे बंधन घालणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. ब्रिटनने असा कायदा २०२३ मध्ये केला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तो लागू केला. तेथे मालकाला टीप किंवा सेवा शुल्कातून कपात करता येत नाही, वाटपाचे लेखी धोरण ठेवावे लागते आणि कर्मचारी हिशेब मागू शकतो. आपल्याकडे वाद फक्त ‘ग्राहकाने द्यावे का’ यावर झाला. ‘दिलेले पोहोचले का’ हा प्रश्न बाजूलाच राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका पंचतारांकित हॉटेल कंपनीच्या प्रकरणात, कार्डाने दिलेली आणि मालकामार्फत वाटलेली टीप हा पगाराचा भाग नाही, असे म्हटले होते. पण तो निकाल प्राप्तिकर कपातीपुरता होता.

मग पदार्थांच्याच किमती का वाढवत नाहीत?

त्यांना कोणी अडवलेले नाही. पण साडेपाचशेची डिश सहाशेची झाली, की शेजारच्या हॉटेलशी तुलना होते. १० टक्के बिलाच्या तळाशी गेले, की मेन्यूवरील आकडा देखणा राहतो. सेवा शुल्काचे खरे आकर्षण हेच असावे. खर्चाचे ओझे मात्र खरे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये उपाहारगृहांचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, पण त्याच वेळी इनपुट टॅक्स क्रेडिट गेले. म्हणजे जागेच्या भाड्यावर भरलेला १८ टक्के जीएसटी परत वळता करून घेता येत नाही. तो शेवटी पास्त्याच्या किंवा बिर्याणीच्या किमतीतच शिरतो.

मद्याचे गणित वेगळे. ते जीएसटीच्या कक्षेबाहेर असल्याने बिलात मूल्यवर्धित कराची निराळी ओळ असते. महाराष्ट्राने परमिट रूममधील मद्यावरचा हा कर १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के केला. परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्कही वाढल्यावर ‘आहार’ या संघटनेने १४ जुलै २०२५ रोजी बार बंद ठेवून निषेध नोंदवला.

पाण्याच्या बाटलीचे काय?

येथे कायदा ग्राहकाच्या बाजूने नाही. वीस रुपयांची बाटली उपाहारगृहात छापील किमतीपेक्षा महाग विकता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी ठरवले. कारण ग्राहक तेथे फक्त पाणी घेत नाही. जागा, वातावरण, सेवा यांचाही लाभ घेतो. हाच मुद्दा पुढे उपाहारगृहांवर उलटला. सेवा शुल्काच्या निकालाविरुद्धचे अपील दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेले, तेव्हा ऑगस्ट २०२५ च्या सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारले : वातावरणाच्या नावाखाली पाण्याचे जास्त पैसे घेताच, मग सेवेचे वेगळे कशासाठी?

बिल हाती आल्यावर काय करता येते?

कार्ड किंवा यूपीआयने पैसे देण्यापूर्वी बिल वाचणे, हे पहिले. सेवा शुल्क दिसले तर ते काढून नवे बिल मागता येते. बहुतेक ठिकाणी व्यवस्थापक वाद न घालता ते काढून देतो. दिलेच नाही तर बिलाचा फोटो ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते किंवा ‘ई-जागृती’ पोर्टलवरून ग्राहक आयोगाकडे जाता येते. ‘आमच्या दारावरच लिहिले आहे’ हे उत्तर मार्गदर्शक तत्त्वांपुढे टिकत नाही.

अडचण कायद्यापेक्षा संकोचाची आहे. समोर पाहुणे किंवा कार्यालयातील वरिष्ठ बसलेले असताना तीनशे रुपयांसाठी व्यवस्थापकाला बोलावणे कोणालाच बरे वाटत नाही, आणि हा संकोच उपाहारगृहांना चांगलाच ठाऊक आहे. शुल्क काढून घेतल्यावर वाढणाऱ्याला काही द्यावेसे वाटले, तर ती रक्कम रोख त्याच्या हातात देता येते. त्यावर जीएसटी लागत नाही. भटारखान्यातल्यांपर्यंत त्यातले किती जाते, हे मात्र त्या हॉटेलच्या अंतर्गत रिवाजावर अवलंबून राहते.