पैलवानाला शुगर कशी होईल?



यात्रेचे दिवस जवळ आले की आमच्या साक्रीकडे एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे कुस्त्या. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, अगदी माझ्या दवाखान्याच्या बाकावरसुद्धा. कुणी कुणाला कोणत्या डावावर चीत केलं, कोणती कुस्ती अंधार पडेपर्यंत चालली, बरोबरीत सोडवली तेव्हा लोक कसे चिडले, हे सगळं सांगणाऱ्याला तोंडपाठ असतं. स्वतःच्या बीपीच्या गोळीचं नाव आठवत नाही, पण पस्तीस वर्षांपूर्वीच्या कुस्तीतला डाव आठवतो.

मला याचा आनंदच वाटतो. पण डॉक्टर म्हणून एक गोष्ट बरीच वर्षं खटकते आहे, ती आज तुमच्यापुढे मांडतो. त्या पैलवानाचं नंतर काय झालं, आज त्याची तब्येत कशी आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

दवाखान्यातला एक प्रसंग

(ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

हिवाळ्यात एक साठी ओलांडलेले गृहस्थ आले. सोबत त्यांच्याच गावचा एक माणूस होता. बसायच्या आधीच त्याने ओळख करून दिली, "डॉक्टरसाहेब, हाऊ आमना गावना पैलवान शे." मग पाच-सात मिनिटं त्याने जुन्या कुस्त्या सांगितल्या. पेशंट खाली मान घालून हसत होते. शेवटी मी त्यांनाच विचारलं, काय त्रास होतोय?

"माले काई व्हयेल नही. गुडघा दुखस थोडा."

वजन ११२ किलो. बीपी १७८/१०४. बोटातून रक्त घेऊन साखर तपासली, ती २९० निघाली. गुडघ्यासाठी दोन वर्षांपासून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खात होते. रात्री घोरणं इतकं की घरचे दुसऱ्या खोलीत झोपतात, आणि दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो.

आकडे ऐकून पेशंटपेक्षा सोबतचा माणूस जास्त हादरला. म्हणाला, "पैलवानले शुगर कशी व्हई?"

हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे.

कुस्ती थांबते, खुराक थांबत नाही

उमेदीत पैलवान पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, माती उकरतो, दोन वेळा लढत करतो. त्याला दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, अंडी लागतातच. ते सगळं जळतं आणि त्यातूनच स्नायू बनतात.

तिशी-पस्तिशीत कुस्ती सुटते. शेती, नोकरी, संसार सुरू होतो. मेहनत एकदम कमी होते, पण जीभ आणि पोट तेच राहतं. साधा हिशेब करा. मोठा चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम तुपात साधारण १३० कॅलरी असतात. रोज दोन चमचे जास्तीचं तूप म्हणजे २६० कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. महिन्याभरात किलोच्या आसपास वजन वाढायला एवढं पुरेसं आहे. कागदावरचा हा वेग शरीरात पुढे मंदावतो, पण दिशा तीच राहते.

दुसरीकडे स्नायू कमी होत जातात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वात जास्त उचलतात ते स्नायू. स्नायू घटले आणि पोटावर चरबी साठली की इन्सुलिनचं काम नीट होत नाही आणि साखर रक्तातच राहते. म्हणून पैलवानाला शुगर होते. आईवडिलांपैकी कुणाला असेल तर लवकर होते.

अंगाने मोठा माणूस पाहून "तगडा आहे" म्हणणं सोपं असतं. पण तगडा आणि निरोगी हे दोन वेगळे शब्द आहेत.

जुना व्यायाम शिल्लक राहत नाही

"आम्ही तरुणपणी एवढं केलंय, आता काही होत नाही," हे वाक्य मी पैलवानांकडून ऐकतो, कबड्डीवाल्यांकडून ऐकतो आणि फौजेतून आलेल्यांकडूनही ऐकतो. दुर्दैवाने शरीर असं खातं ठेवत नाही.

अमेरिकेत डॉ. राल्फ पॅफेनबर्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या हजारो माजी विद्यार्थ्यांचा बरीच वर्षं अभ्यास केला. कॉलेजात असताना मैदान गाजवलेले पण पुढे बसून राहिलेले लोक हृदयविकारापासून सुरक्षित राहिले नाहीत. उलट कॉलेजात कधी न खेळलेले, पण नंतर नियमित चालणारे, हालचाल करणारे लोक फायद्यात राहिले. म्हणजे हृदय विचारतं ते एवढंच की आज काय केलंस?

फिनलंडमध्ये जुन्या अव्वल खेळाडूंच्या आयुष्यमानाचा अभ्यास झाला. लांब पल्ल्याचे धावपटू आणि बर्फावर स्कीइंग करणारे सर्वात जास्त जगले. कुस्ती, बॉक्सिंग, वजन उचलणं अशा ताकदीच्या खेळातल्या लोकांना तेवढा फायदा मिळाला नाही. याचा अर्थ कुस्ती वाईट असा मुळीच नाही. कुस्तीनंतरच्या चाळीस वर्षांचंही नियोजन लागतं, एवढाच त्याचा अर्थ.

मिरवणूक आठवते, पुढची वर्षं आठवत नाहीत

खाशाबा जाधवांचं नाव कुणाला माहीत नाही? कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर बैलगाड्यांची केवढी मोठी मिरवणूक निघाली, हे आजही सांगितलं जातं.

आता मी विचारतो, त्यानंतरचे खाशाबा तुम्हाला माहीत आहेत का? १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. खात्यात त्यांनी अनेक वर्षं नोकरी केली. १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पदक आणि मृत्यू यांच्यात ३२ वर्षं आहेत. मिरवणूक एका दिवसाची होती. आपण त्या एका दिवसाचे चाहते आहोत.

देशाला पदक देणाऱ्या माणसाचं हे, तर गावच्या पैलवानाचं काय सांगावं? यात्रेत एकदा फेटा, नारळ, शाल मिळते. पुढच्या यात्रेपर्यंत त्याच्या दाराशी कुणी जात नाही.

चाहत्यांचं प्रेम कुठे अडतं

इथे माझं मत थोडं कडू वाटेल. पैलवान तपासायला येत नाही, याला अनेकदा आपण चाहतेच कारणीभूत असतो.

आपण त्याला आजारी पाहायला तयार नसतो. लग्नात पंगतीत तो बसला की आग्रह करतो, "पैलवान, तुम्ही आणि चार जिलब्यांवर थांबता?" तो चार जास्त खातो, कारण लोक बघत असतात. गुडघा दुखला तरी लंगडत नाही. गोळी खिशातून काढायची त्याला लाज वाटते. काही जण दुखणं आणि रिकामपण दोन्ही दारूत बुडवतात. ज्याच्यासाठी हजारो लोक टाळ्या वाजवत होते त्याला एके दिवशी कुणी ओळखत नाही, याचं दुःख लहान नसतं. झोप न लागणं, चिडचिड, कशातच मन न रमणं ही उदासीनतेच्या आजाराची लक्षणं असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत. पण पैलवान रडत नाही असं आपणच ठरवून टाकलेलं असतं.

मग तपासायचं काय?

तुमच्या घरात, गल्लीत, गावात जुना पैलवान किंवा कोणताही जुना खेळाडू असेल तर एवढं करा.

१. बीपी, पण मोठ्या पट्ट्याने. जाड दंडाला नेहमीचा छोटा पट्टा लावला तर बीपी खोटं जास्त दिसतं. डॉक्टरांना मोठा पट्टा लावायला सांगा. तरीही वारंवार १४०/९० च्या वर येत असेल तर ते बीपीच आहे.

२. कंबर मोजा. पैलवानाचं नुसतं वजन फसवतं, कारण त्यात स्नायूही असतात. बेंबीच्या रेषेत टेप लावा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही धोक्याची खूण.

३. साखर. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आलं तर मधुमेह समजतात. त्रास नसेल तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

४. मान आणि घोरणं. मानेचा घेर ४३ सेंटीमीटरच्या वर, मोठं घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा पेंग, असं असेल तर झोपेत श्वास बंद पडण्याच्या आजाराची शक्यता धरा. त्याने बीपी वाढतं आणि गाडी चालवताना डोळा लागून अपघात होतात.

५. गुडघा. तरुणपणी गुडघ्यातली गादी किंवा दोरी फाटली असेल तर पुढे झीज लवकर होते. रोज वेदनाशामक गोळ्या घेणं हा त्यावरचा उपाय नाही. बीपी-शुगर असलेल्या माणसाच्या किडनीवर त्याचा घाव बसतो. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि कमी झालेलं वजन, हे दोन गुडघ्याचे खरे मित्र.

६. छातीत दाब, चढण चढताना धाप. "पित्त असेल" म्हणून घरी थांबू नका. लगेच तपासा.

व्यायाम पूर्ण बंद करू नका. पण साठाव्या वर्षी कुणी डिवचलं म्हणून एकदम शंभर बैठका मारू नका. रोज तीस-चाळीस मिनिटं चालणं आणि आठवड्यातून दोनदा हलके ताकदीचे व्यायाम पुरेत. ताटात भाकरी-भात निम्मा करा, डाळ-भाजी वाढवा, तूप चमच्याने मोजा. तंबाखू बंद.

खान्देशातलंच एक उदाहरण

चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. पुढे ते पोलीस उपअधीक्षक झाले. पण कुस्ती सोडली नाही. २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन दलाच्या स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. प्रत्येकाला एवढं जमणार नाही. पण हाताला काम आणि अंगाला मेहनत, दोन्ही सुटू न देणं हा धडा प्रत्येकाला घेता येतो.

माझी सूचना

यात्रा कमिट्यांना माझी एक विनंती आहे. जुन्या पैलवानांचा सत्कार करता ना, त्याच मांडवात एक टेबल टाका. बीपीचं मशीन, मोठा पट्टा, साखर तपासायची पट्टी आणि कंबर मोजायची टेप. फेटा बांधायच्या आधी तपासणी. खर्च शालीपेक्षा फार जास्त नाही. गावातले डॉक्टर आनंदाने बसतील, मला बोलावलं तर मीही येईन. आणि संध्याकाळी तालमीत पोरांना डाव शिकवायला त्या जुन्या पैलवानाला बोलवा. त्याचं चालणं होईल, मनही रमेल आणि पोरांना वस्ताद मिळेल.

माझ्या त्या पेशंटचं सांगतो. दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, बीपी-शुगरची औषधं सुरू केली. तरी पहिले दोन महिने फरक कमीच होता. मग सोबत आलेल्या त्या चाहत्यानेच मनावर घेतलं. रोज सकाळी तो त्यांना हाक मारून चालायला नेतो. चालताना जुन्या कुस्त्याच निघतात म्हणे. सहा महिन्यांत वजन ९ किलोने उतरलं. गोळ्या माझ्या होत्या, पण पैलवानाला घराबाहेर काढलं ते त्या माणसाने.

तेव्हा पुढच्या वेळी टपरीवर जुनी कुस्ती निघाली की ती जरूर सांगा. आणि शेवटी एक प्रश्न विचारा, "ते आता कसे आहेत?" उत्तर माहीत नसेल तर त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन या.

तब्येतीला जपा.

(लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.)