आरसे घडविणारे हात

अंतराळ संशोधन म्हटले की श्रीहरिकोटा आणि बंगळूर हीच नावे आपल्यापुढे येतात. अंधेरीहून रोज चर्चगेटची गाडी पकडणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की चर्चगेटच्याही पुढे, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आकाशातील क्ष-किरणांची प्रतिमा टिपणारी देशाची पहिली दुर्बीण घडली? २८ सप्टेंबर २०१५ रोजी ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहातून ती अवकाशात गेली.

क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात; म्हणून अशी दुर्बीण वर न्यावी लागते. परंतु खरी अडचण आरशांची. हे किरण आरशावर समोरून पडले तर परततच नाहीत. निसटत्या कोनातून आले तरच वळतात. यास्तव काचेच्या गुळगुळीत साच्यावरील सोन्याचा थर ॲल्युमिनियमच्या पातळ, शंकूसारख्या वळविलेल्या पत्र्यांवर उतरवून घेण्यात आला आणि हे पत्रे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकात एक बसविण्यात आले. असे ३२० आरसे या दुर्बिणीत आहेत. कॅमेऱ्यासाठी इंग्लंडमधील लीस्टर विद्यापीठाचे साहाय्य झाले. आरसे मात्र येथले.

कोणी म्हणेल, अमेरिकेच्या ‘चंद्रा’ वेधशाळेची निरीक्षणे कालांतराने सर्वांना खुली होतात. मग हा खटाटोप कशाला? उत्तर सोपे आहे. दुर्बीण कोणत्या ताऱ्याकडे आणि केव्हा वळवायची, हे ती बाळगणाराच ठरवितो.

चिंता आहे ती पुढची. ॲस्ट्रोसॅटचे नियोजित आयुष्य ५ वर्षांचे होते. २०२५ मध्ये त्याला १० वर्षे झाली. १ जानेवारी २०२४ रोजी गेलेला ‘एक्सपोसॅट’ उपग्रह क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजण्यासाठी आहे. किरण एकत्र आणणारे आरसे त्यात नाहीत. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील कोणताही जुना कारागीर सांगेल, की साचा जपून ठेवता येतो, पण तो वापरणारा हात जपायचा तर त्याला काम द्यावे लागते. असे कौशल्य अहवालात पुरते उतरत नाही. शेजारी उभे राहूनच ते शिकावे लागते. दोन दुर्बिणींमध्ये एका पिढीचे अंतर पडले, तर दुसरीचा आरंभ पुन्हा शून्यापासून होईल.

म्हणून पुढील दुर्बिणीचा निर्णय पहिली थकण्याची वाट न पाहता व्हावा, आणि तिच्या अंदाजपत्रकात उपग्रहाइतकाच कार्यशाळेतील उमेदवारांचाही विचार असावा. प्रक्षेपणाच्या दिवशी टाळ्या वाजविणे सोपे असते. आरसा घडविणाऱ्याला दहा वर्षे सांभाळणे, हीच विज्ञाननिष्ठेची खरी कसोटी होय.